कळसा-भांडुरा पाणीतंटा

म्हादई नदीच्या कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांचे पश्चिमेकडे जाणारे पाणी पूर्वेला मलप्रभा नदीत वळवण्याच्या कर्नाटकाच्या योजनेवरून चाललेला आंतरराज्य वाद. कानडी वर्तमानपत्रांत हा ‘कळसा-बंडूरी’, गोव्यात ‘म्हादईचा प्रश्न’, तर बेळगावच्या मराठी बोलण्यात नुसता ‘कळसा-भांडुरा’. भांडण कर्नाटक आणि गोवा यांचे म्हणून ओळखले जाते, महाराष्ट्र त्यात कडेला आहे. ज्यांच्या शिवारातून हे पाणी उचलायचे ती खानापूर तालुक्यातली गावे मात्र कुठल्याच बाजूच्या वकिलामागे उभी दिसत नाहीत.

म्हादई खानापूर तालुक्यात देगावजवळ, भीमगडच्या रानात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. तिचे खोरे २०३२ चौरस किलोमीटरचे आहे. त्यातले १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघाले की घाटाआधी कणकुंबी लागते. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम मानतात, आणि त्याच गावाच्या शिवारातून कळसा नाला उलट दिशेने गोव्याकडे उतरतो. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस दोन बाजूंच्या पागोळ्यांनी खाली यावा, तसे हे गाव आहे. एका बाजूचे पाणी अरबी समुद्राला, दुसऱ्या बाजूचे मलप्रभा आणि कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. पश्चिमेच्या पागोळीखाली घागर लावायची आणि ती पूर्वेच्या पन्हळीत रिकामी करायची, एवढीच योजनेची कल्पना. नकाशावर ती फार सोपी दिसते.

घाटमाथ्यावर पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. मलप्रभेवरच्या, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाच्या परिसरात तो सहाशेच्या आतबाहेर. सत्तरच्या दशकात पुऱ्या झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ३७ टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर.) धरण क्वचितच काठोकाठ भरले. पाणी पोहोचायच्या आधीच सुधारणा कराच्या (कालव्यामुळे जमिनीची किंमत वाढते म्हणून लावलेल्या कराच्या) नोटिसा पोहोचल्या, तेव्हा धरणाच्या लाभक्षेत्रातल्या नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी उठले आणि २१ जुलै १९८० ला तिथे गोळीबार झाला. कर्नाटकातल्या शेतकरी चळवळीची मोठी लाट त्यातूनच आली. याच भागात जुलै २०१५ पासून म्हादईच्या पाण्यासाठी धरणे आंदोलन सुरू झाले. तिकडची तहान खोटी नाही. हुबळीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असे, हे तिथल्या कोणालाही विचारावे.

पण मागणी ‘पिण्याच्या पाण्या’ची असली तरी मलप्रभेच्या तुटीचे कारण निव्वळ कमी पाऊस नव्हे. नविलुतीर्थ धरणाचा प्रकल्प कमी पाण्याच्या पिकांसाठी आखला होता. कालव्याला पाणी आले तसा जोंधळा, कापूस, गहू मागे सरला आणि ऊस पुढे आला. उसाच्या बाबतीत बेळगाव जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. किलोभर साखरेमागे शेतात दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे चहातल्या दोन चमचे साखरेत बादलीभर पाणी विरघळलेले असते. ते कुठून आले हे कपावर लिहिलेले नसते, आणि ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा दोष देणेही सोपे नाही, कारण ठरलेला भाव आणि ठरलेला गिऱ्हाईक असलेली पिके त्याच्याकडे फार नाहीत. आणि तुटीच्या याच मलप्रभेने ऑगस्ट २०१९ च्या पुरात काठची गावे बुडवली.

केंद्राने २००२ मध्ये ७.५६ टीएमसी वळवण्यास तत्त्वतः संमती दिली आणि गोव्याच्या हरकतीनंतर त्याच वर्षी ती थांबवली. तरीही २००६ मध्ये कणकुंबीत काम सुरू झाले. जांभ्या दगडाची टेकडी फोडून खोल कालवा खणला गेला. पावसाळ्यात शोषलेले पाणी जांभा उन्हाळ्यात झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. अशा जमिनीत खोल चर मारला की वरच्या झऱ्यांचे पाणी चरात उतरण्याचा धोका असतो, आणि विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच आहे. पुढे या तंट्यासाठी नेमलेल्या लवादाच्या सुनावणीत कालव्याचे तोंड बंद ठेवण्याची हमी कर्नाटकाला द्यावी लागली.

न्या. जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखालील लवाद नोव्हेंबर २०१० मध्ये नेमला गेला आणि त्याने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळाले. पण त्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी, म्हणजे वापरून नदीलाच परत करायचे. मलप्रभेत वळवायला ३.९ (कळसा १.७२, भांडुरा २.१८) आणि खोऱ्यातल्याच वापराला १.५. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. फेब्रुवारी २०२० मध्ये निवाडा राजपत्रात आला. समाधान कोणाचेच झाले नाही आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखडा मान्य केला, त्यात उपसा आणि जलवाहिनीवर भर आहे. पुढच्या वर्षी देखरेखीसाठी ‘प्रवाह’ प्राधिकरण स्थापन झाले.

गोव्याची बाजू अशी, की उन्हाळ्यात वरून येणारी धार बारीक झाली की मांडवीत भरतीचे खारे पाणी आणखी आत शिरेल. म्हादईला गोवेकर आई म्हणतात, आणि त्यात ढोंग नाही. तरीही याच खोऱ्यात लोहखनिजाच्या खाणींनी दशकानुदशके नदीत लाल गाळ सोडला आणि बार्जेसनी मांडवीतून खनिज वाहिले, ते कर्नाटकाने केले नव्हते.

खानापूरच्या रानातला हिशेब वेगळाच आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. बारापेडे गुहेतली राऊटनची वटवाघळे जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. काळी आणि सह्याद्री या व्याघ्र प्रकल्पांमधली वाघांची वाट इथूनच जाते, त्यामुळे योजनेच्या वन्यजीव परवानग्या अडल्या. आमगाव, गवळी, पास्टोली, कोंगळा, तळेवाडी ही आतली मराठी बोलणारी गावे. वनखात्याच्या नियमांमुळे इथे डांबरी रस्ता होत नाही, नाल्यावर पूल होत नाही. जुलै २०२४ मध्ये आमगावातल्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाचा स्ट्रेचर करून भर पावसात, चिखल तुडवत खांद्यावरून बाहेर आणले. त्याच रानातून पाणी नेणाऱ्या जलवाहिनीसाठी मात्र परवानगी मागता येते. सीमाप्रश्नाच्या सभांत पाटीवरची भाषा जितकी गाजते तितके हे नाले गाजत नाहीत, ही आपल्याच माणसांविषयीची तक्रार.

आतल्या गावांना सरकारचे उत्तर स्थलांतराचे आहे: कुटुंबामागे १५ लाख रुपये, हप्त्यांनी. तळेवाडीची कुटुंबे २०२५ मध्ये पहिला हप्ता घेऊन बाहेर पडू लागली. बाकीच्या गावांत जावे की राहावे यावर घराघरांत दुमत आहे. म्हातारी माणसे बहुतेक राहायच्या बाजूची, शाळेत जाणारी पोरे असलेली जायच्या.