ग्लास, जिमी

ग्लास, जिमी : (१ ऑगस्ट १९७३). इंग्लंडमधील खालच्या श्रेणींत खेळलेला फुटबॉल गोलरक्षक. पूर्ण नाव जेम्स रॉबर्ट ग्लास. जन्म सरे परगण्यातील एप्सम येथे. ८ मे १९९९ रोजी भरपाईच्या वेळेत त्याने स्वतः गोल केला आणि कार्लाइल युनायटेड हा क्लब फुटबॉल लीगमधून (इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या श्रेणीबद्ध स्पर्धेतून) बाहेर फेकला जाता जाता वाचला. ग्लासचे नाव या एका गोलामुळेच लोकांच्या लक्षात राहिले आहे. मात्र तो गोल कार्लाइलच्या मैदानावर त्याच्या वाट्याला आला कसा, हे समजायला छोट्या क्लबांतील गोलरक्षकाचे आयुष्य आधी पाहावे लागते.

संघात गोलरक्षकाची जागा एकच असते. बचावपटूला गरज पडली तर मधल्या फळीत खेळवता येते, आघाडीवीराला शेवटची वीस मिनिटे उतरवता येते; राखीव गोलरक्षक मात्र पहिल्याला दुखापत होईपर्यंत किंवा त्याचा खेळ घसरेपर्यंत बाकावर बसून असतो. वर्षे जातात, सामने खात्यावर पडत नाहीत. यावरची जुनी वाट म्हणजे लोन, अर्थात ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबाकडून उसने खेळायला जाणे. आजही लीगमध्ये एखाद्या क्लबाकडे खेळण्याजोगा गोलरक्षक उरला नाही, तर सात दिवसांच्या बोलीवर तातडीने दुसरा आणता येतो. या पेशाला वयाची सवलत तेवढी आहे. इंग्लंडचा नामवंत गोलरक्षक पीटर शिल्टन याने आपला हजारावा लीग सामना डिसेंबर १९९६ मध्ये लेटन ओरिएंटकडून खेळला, तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. ग्लासला ती सवलत वापरायला मिळाली नाही.

तो घडला क्रिस्टल पॅलेसमध्ये. तिथे त्याला लीगचा एकही सामना मिळाला नाही. मधल्या काळात पोर्ट्समथकडे लोनवर थोडे सामने पदरात पडले. १९९६ मध्ये तो बोर्नमथला गेला आणि तिथे त्याचा जम बसला. क्लब तेव्हा दिवाळखोरीच्या दारात उभा होता. जानेवारी १९९७ मध्ये गावातल्या विंटर गार्डन्स सभागृहात समर्थक जमले आणि त्यांनी वर्गणी काढून क्लब जगवला. अशा क्लबाच्या गोलात उभे राहून ग्लासने दोन मोसमांत नव्वदहून अधिक लीग सामने खेळले. कारकिर्दीतला सलग, भरवशाचा काळ म्हणावा तो हाच.

त्याच काळात लंडनचे वेम्बली मैदान वाट्याला आले. १९ एप्रिल १९९८ रोजी फुटबॉल लीग ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात बोर्नमथची गाठ ग्रिम्सबी टाउनशी पडली. साठ हजारांवर प्रेक्षक होते. जॉन बेलीच्या गोलामुळे बोर्नमथ पुढे होते, आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला बरोबरीचा गोल नोंदला गेला तो ग्लासच्या नावावर, स्वयंगोल म्हणून. जादा वेळेत ग्रिम्सबीच्या वेन बर्नेटने गोल्डन गोल, म्हणजे होताच सामना संपवणारा गोल, केला आणि सामना तिथेच संपला. आघाडीवीराने दहा संधी दवडल्या तरी अकरावी त्याला तारते. गोलरक्षकाची एक चूक मात्र थेट गुणफलकावर जाऊन बसते. ग्लासबद्दल लिहिताना कार्लाइलच्या गोलाशेजारी हा गोलही ठेवायलाच हवा, असे मला वाटते. दोन्ही गोल मिळून जेमतेम तेरा महिन्यांतले आहेत.

त्या उन्हाळ्यात तो स्विंडन टाउनमध्ये दाखल झाला, पण तिथे त्याची जागा पक्की झाली नाही. इकडे स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइलमध्ये वेगळीच अडचण उभी राहिली होती. क्लबाने आपला नेहमीचा गोलरक्षक टोनी केग ब्लॅकपूलला दिला होता, आणि लोनवर आणलेल्या रिचर्ड नाइटला त्याच्या मूळ क्लबाने, डर्बी काउंटीने, परत बोलावून घेतले. खेळाडूंच्या बदल्यांची मुदत उलटून गेली होती. लीगची खास परवानगी काढून ग्लासला चारशे किलोमीटरहून लांबून बोलावण्यात आले, तेही मोसमाचे तीन सामने उरले असताना.

शेवटच्या दिवशी चौथ्या श्रेणीच्या तळाशी कार्लाइलचे ४६ गुण होते, स्कारबरोचे ४७. त्या वर्षी एकच क्लब लीगबाहेर जाणार होता, आणि कार्लाइल १९२८ पासून लीगमध्ये होते. १९७४-७५ च्या मोसमात तर ते पहिल्या श्रेणीत खेळले होते. आपल्या ब्रंटन पार्क मैदानावर कार्लाइलला प्लिमथ अर्गाइलविरुद्ध उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच गोल खावा लागला. डेव्हिड ब्राइटवेलने बरोबरी साधली, पण बरोबरी पुरणार नव्हती. तिकडे स्कारबरो-पीटरबरो सामना १-१ असा संपला. स्कारबरोचे गुण ४८ झाले आणि त्यांचे समर्थक मैदानात उतरून कार्लाइलच्या निकालाची वाट पाहू लागले.

कार्लाइलला कॉर्नर मिळाला तेव्हा खेळ संपायला काही सेकंद उरले होते. बाजूरेषेवरून व्यवस्थापक नायजेल पीअर्सनने हात करून गोलरक्षकालाही पुढे धाडले. लाल जर्सीतला ग्लास, हातमोजे तसेच, अख्खे मैदान धावत पार करून आला. ग्रॅहम अँथनीच्या कॉर्नरवर स्कॉट डोबीने हेडर मारला. प्लिमथचा गोलरक्षक जेम्स डंजी याने तो अडवला, पण चेंडू त्याच्या हाती राहिला नाही. सुटलेला चेंडू ग्लाससमोर पडला आणि त्याने उजव्या पायाने तो सरळ जाळ्यात मारला. पुढच्या क्षणी तो माणसांच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता. मैदान मोकळे करून खेळ पुन्हा सुरू झाला आणि लगेच अखेरची शिट्टी वाजली. कार्लाइल ४९ गुणांवर पोहोचले. स्कारबरो बाहेर गेले. तो क्लब परत कधीच लीगमध्ये आला नाही आणि २००७ मध्ये कायमचा गुंडाळला गेला. हा गोल आठवताना त्या मैदानात थांबलेल्या माणसांचा विसर पडू नये.

ग्लास कार्लाइलकडून एकूण तीनच सामने खेळला. क्लबाने त्याला कायमचे घेतले नाही आणि तो स्विंडनला परतला. पुढे केंब्रिज युनायटेड, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड युनायटेड असे क्लब झाले. कुठे एक-दोन सामने, कुठे तेवढेही नाहीत. २००१ च्या सुमारास, सत्ताविशीत, त्याने व्यावसायिक फुटबॉल सोडले. अनेक गोलरक्षक ज्या वयात कुठे स्थिरावू लागतात, ते हे वय. नंतर त्याने संगणक क्षेत्रात विक्रीचे काम केले आणि डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवली. २००४ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

२०१६ मध्ये त्याला जुन्या क्लबाकडून, बोर्नमथकडून, बोलावणे आले. क्लब तोवर प्रीमियर लीगमध्ये पोहोचला होता. काम होते खेळाडू संपर्क अधिकाऱ्याचे : नव्याने आलेल्या खेळाडूला घर शोधून देणे, मुलांची शाळा पाहणे, अनोळखी गावात त्याचे बस्तान बसवून देणे.