बापात न दिसणारा गुण

वळू दूध देत नाही आणि मेंढा वीत नाही. पशुपैदाशीच्या गेल्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात जी गणितं मांडली गेली, त्यातली निम्मीअधिक या एका अडचणीपायी मांडली गेली. गायीला किंवा मेंढीला जन्मभरात मोजकीच पिल्लं होतात; नराला शेकडो, आणि गोठवलेल्या रेतमात्रा आल्यापासून काही वळूंना लाखो. म्हणजे कळप सुधारायचा तर नर नीट निवडायला हवा. पण ज्या गुणासाठी निवडायचा तो त्याच्या अंगावर दिसतच नाही. ‘खाण तशी माती’ म्हणून त्याच्या आईकडे बघायचं, एवढाच उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या लीस्टरशायर परगण्यात, डिशली इथे रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने यावर एक युक्ती काढली. तो आपले मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देई. पैसे मिळतच, शिवाय लोकांच्या कळपांत त्या मेंढ्यांची कोकरं कशी निघतात हे फुकटात कळे. ज्याची पैदास उत्तम, तो मेंढा पुन्हा आपल्या कळपात वापरायचा. बापाची परीक्षा लेकरांवरून, हे तत्त्व तिथे रुळलं. त्यामागचं कारण मात्र बेकवेललाही सांगता आलं नसतं. मेंडेलचे वाटाण्याचे प्रयोग अजून शंभर वर्षं लांब होते.

मेंडेलमुळेही कोडं लगेच सुटलं नाही. त्याचे वाटाणे उंच किंवा बुटके होते. दूध, वजन, लोकर यांत असा सरळ भेद नसतो. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिलं की मेंडेलचेच नियम पाळणारी, पण प्रत्येकी अगदी थोडा परिणाम करणारी पुष्कळ जनुकं एकत्र आली, की असा सलग चढउतार आपोआप तयार होतो. त्यावर अमेरिकेत आयोवा इथे जे लश यांनी गोठ्याला उपयोगी पडेल असं शास्त्र उभं केलं. त्यांचा हिशेब साधा आहे. समजा, कळपातल्या कोकरांचं तीन महिन्यांचं सरासरी वजन १५ किलो आहे आणि आपण १८ किलोवाले नर-मादी निवडले. वजनाची आनुवंशिकता, म्हणजे फरकातला रक्तातून उतरणारा वाटा, ०.३ असेल, तर पुढच्या पिढीला तीन किलोंच्या फायद्यातले फक्त ०.९ किलो मिळतील. उरलेला फरक चाऱ्याचा, पावसाचा, आईच्या दुधाचा आणि नशिबाचा.

हा ‘उरलेला फरक’ वेगळा काढणं हेच खरं दुखणं. फलटणजवळ कालव्याच्या पट्ट्यात ओल्या चाऱ्यावर वाढलेली कोकरं आणि माणच्या माळावरची कोकरं एकाच काट्यावर तोलून त्यांच्या बापांची तुलना केली, तर आपण मेंढ्याला नव्हे, पाण्याला बक्षीस देतो. लश यांच्याच परंपरेत शिकलेले चार्ल्स हेंडरसन यांनी १९५०च्या सुमारास यावर समीकरणं मांडली. कळपाचा, हंगामाचा आणि बापाचा परिणाम एकदमच सोडवायचा आणि नात्यातल्या जनावरांची माहितीही हिशेबात धरायची. या पद्धतीचं इंग्रजी नाव इतकं बोजड आहे की जगभर तिला नुसतं ‘ब्लप’ म्हणतात. तिचा मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे तिचा संशयी स्वभाव. तीनच लेकी असलेल्या वळूच्या तिन्ही लेकी भरपूर दुधाच्या निघाल्या, तरी ती त्याला डोक्यावर घेत नाही, सरासरीकडे ओढून धरते. तीनशे लेकींचा पुरावा आला की हात सैल सोडते. कागदावर हे सगळं छान होतं, पण इतकी समीकरणं सोडवणारं यंत्र नव्हतं. १९७०च्या दशकात पुरेसे ताकदवान संगणक हाताशी आले, आणि त्याच दशकात हेंडरसन यांनी नात्यागोत्याचा भलामोठा तक्ता झटपट हाताळायची रीतही शोधली, तेव्हा कुठे ब्लप गोठ्यात पोचलं.

इथवरची कथा अनेक छोट्या जनुकांची. एका मोठ्या जनुकाची कथा वेगळी आहे आणि ती फिरत फिरत थेट सातारा जिल्ह्यात येते.

ऑस्ट्रेलियात कूमा गावाजवळ ‘बूरूला’ नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधू वर्षानुवर्षं जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या राखत होते. १९५८ मध्ये त्यांनी एकाच वेताला झालेल्या पाच कोकरांपैकी एक मेंढा सरकारी संशोधन संस्थेला दिला. तिथे हेलन न्यूटन टर्नर होत्या. शिक्षण वास्तुकलेचं, नोकरीची सुरुवात कचेरीतल्या सचिवाच्या कामाने, आणि पुढे संख्याशास्त्र शिकून मेंढीच्या आनुवंशिकीतलं मोठं नाव. १९८०च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संशोधकांना माद्यांनी एका वेळी सोडलेल्या स्त्रीबीजांच्या मोजणीत सलग चढउताराऐवजी तीन ठळक ढीग दिसले: एक-दोन, तीन-चार, आणि पाच किंवा जास्त. तीन ढीग म्हणजे मेंडेलचा वाटाणाच! एकच जनुक, कुणाकडे त्याची एकही प्रत नाही, कुणाकडे एक, कुणाकडे दोन. डीएनए न पाहता, नुसत्या मोजणीतून जनुक सापडलं होतं.

ते मेरिनोत आलं कुठून? टर्नर यांनी जुने दस्तऐवज चाळून माग काढला, तो १७९२-९३ मध्ये कोलकात्याहून जहाजाने न्यू साउथ वेल्सला गेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत पोचला. सुंदरबनच्या चिखलात चरणारी, जेमतेम १०-१५ किलोंची, हमखास जुळी देणारी गरोळ मेंढी ती हीच असावी, असा तर्क होता. २००१ मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे त्या जनुकातला नेमका बदल शोधला: डीएनएच्या एका अक्षराचा फरक. २००२ मध्ये तोच बदल गरोळमध्येही सापडला. दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाची पावती एका अक्षरात मिळाली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ मेंढ्या १९९०च्या दशकातच आणलेल्या होत्या. बनबिहारी निंबकर आणि डॉ. चंदा निंबकर यांच्यापुढचा प्रश्न धनगराच्या जमाखर्चाचा होता. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. लोकरीला भाव नाही, कातरणावळही सुटत नाही. उत्पन्न कोकरं विकूनच. तेव्हा मेंढीमागे कोकरं वाढली तरच हातात काही पडणार. पण गरोळशी संकर केला की जुळ्यांसोबत गरोळचा बुटका बांधाही येतो. उपाय जुनाच: संकर मेंढी पुन्हा दख्खनीशी लावायची, तिची पाट (मादी कोकरू) मोठी झाली की पुन्हा दख्खनीशी. गरोळचा वाटा निम्मा, मग पाव, मग आठवा होत जातो आणि अंगकाठी दख्खनीची परत येते. गोची अशी की दर पिढीत निम्म्याच कोकरांकडे जुळ्यांचं जनुक उतरतं, आणि नर मेंढ्यात ते दिसत नाही. पुन्हा तीच अडचण! लेकी व्यायची वाट पाहायची तर एका मेंढ्यामागे वर्षं जातात.

इथे २००१चा शोध कामी आला. ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबतीला होती. रक्ताच्या थेंबावरून कोकराकडे जनुक आहे की नाही, असल्यास एक प्रत की दोन, हे कळू लागलं. त्यातून तयार झालेला मेंढीचा प्रकार म्हणजे ‘नारी सुवर्णा’. दख्खनीच्या अंगात एका प्रतीने दर वेताला सरासरी अर्ध्याच्या आसपास कोकरू जास्त मिळतं. ऑस्ट्रेलियन आकड्यांसमोर हे किरकोळ वाटेल. मला तो या कथेतला सर्वांत शहाणा आकडा वाटतो. रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरी वाड्यात तिळी जगवायची कशी? तिसऱ्याला पाजायला आईकडे दूध नसतं. जुळी मात्र जरा खुराक दिला तर निभावतात.

दुधाचं तसं नाही. तिथे एकच जनुक तपासून भागत नाही. २००१ मध्येच म्यूविसन, हेज आणि गोडार्ड यांनी सुचवलं की जनुकं एकेक शोधत बसण्यापेक्षा डीएनएभर पसरलेल्या हजारो खुणांचा परिणाम एकदमच अजमावावा. वृत्ती पुन्हा ब्लपचीच: प्रत्येक खुणेवर थोडाच विश्वास. पन्नास हजारांवर खुणा वाचणारी चिप आली आणि जानेवारी २००९ पासून अमेरिकेत होल्स्टिन व जर्सी वळूंचं अधिकृत मूल्यांकन यावर होऊ लागलं. ज्या मूल्यांकनासाठी लेकींच्या दुधाची पाच-सहा वर्षं वाट पाहावी लागे, ते वासरू जन्मताच होऊ लागलं. घाईचा धोकाही होताच. त्याच त्या वळूंचं रक्त सगळीकडे गेलं की दडलेले दोषही पसरतात. चीफ नावाच्या नामांकित होल्स्टिन वळूतला असा एक दोष जगभरातल्या सुमारे पाच लाख गर्भपातांना कारण ठरला असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. त्याच्या लेकी दूध मात्र भरपूर देत.

भारतीय गायी आणि म्हशींसाठीच्या ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’चं अनावरण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला झालं. पण चिप खुणा वाचते. कोणती खूण दुधाची, हे कळायला हजारो गायींचं मोजलेलं दूध लागतं. डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांनी दूधनोंदीसाठी १८९५ मध्येच संघ काढला होता. आपल्याकडे एका घरी दोन-चार जनावरं. एकाच गोठ्यातल्या पन्नास गायींची तुलना करावी, तर तसा गोठाच नाही. म्हणून पैदास कार्यक्रमांत अख्खं गाव एक कळप धरतात. नोंदणीसाठी माणूस महिन्यातून एकदा सकाळी आणि संध्याकाळी धारेच्या वेळी येतो, गायीच्या कानातला बारा आकडी बिल्ला वाचतो, बादलीतलं दूध मोजतो आणि पुढच्या दाराशी जातो.