जड तेलापासून ॲरोमॅटिक रसायने

खनिज तेल शुद्धीकरणात मागे उरणाऱ्या जड, कमी किमतीच्या तेलांचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने बेंझीन, टोल्युइन व झायलीन या ॲरोमॅटिक, म्हणजे सहा कार्बन अणूंचे बेंझीनसारखे कडे असलेल्या, रसायनांत रूपांतर करण्याची प्रक्रिया. खानदेशात तेलशुद्धीकरण कारखाना नाही. पण या प्रक्रियेतून निघणारा माल जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरोघरी पोचलेला आहे.

या कामासाठी सर्वांत सोयीचा कच्चा माल म्हणजे उत्प्रेरकी भंजन संयंत्रातून, म्हणजे उत्प्रेरकाने जड तेलाचे मोठे रेणू तोडणाऱ्या यंत्रणेतून, निघणारे ‘लाइट सायकल ऑइल’. ते साधारण २०० ते ३५० अंश सेल्सिअसदरम्यान उकळते. त्यात दोन कड्यांच्या ॲरोमॅटिक रेणूंचा भरणा असतो. कपाटात ठेवायच्या डांबरगोळीतले नॅप्थॅलीन हा त्यांतला सर्वांत साधा रेणू. अशा तेलाचा सीटेन अंक, म्हणजे इंजिनात चटकन पेट घेण्याच्या गुणाचे माप, फार कमी असल्याने ते डिझेलमध्ये बेताबेतानेच मिसळता येते. एप्रिल २०२० पासून भारतात डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांच्या आत ठेवावे लागते, त्यामुळे ही वाट आणखी अरुंद झाली. जहाजांच्या इंधनावरही त्याच वर्षापासून गंधकाची ०.५ टक्क्याची मर्यादा आली.

या तेलातले रेणू नुसते तोडणे अवघड नाही. दोन कड्यांपैकी नेमके एकच तोडणे अवघड आहे. आधी हायड्रोजन देऊन नॅप्थॅलीनचे एक कडे संपृक्त करतात (त्यातले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढतात), म्हणजे टेट्रालीन तयार होते. मग उत्प्रेरकाच्या आम्लधर्मी जागेवर ते संपृक्त कडे उघडते, बाजूची साखळी गळते आणि एका कड्याचे बेंझीन किंवा त्याचे भाईबंद उरतात. हायड्रोजनचा मारा जास्त झाला तर दुसरे कडेही संपृक्त होऊन डेकॅलीन बनते आणि ॲरोमॅटिकपणा हातचा जातो. कमी पडला तर रेणू एकमेकांना चिकटून कोक, म्हणजे कोळशासारखा थर, होतो, उत्प्रेरकाची छिद्रे बुजतात. तापमान, दाब आणि उत्प्रेरकातले धातू व आम्ल यांचे प्रमाण, सारी कसरत या दोन टोकांच्या मधे चालते.

म्हणून उत्प्रेरक दुहेरी असतो. हायड्रोजनीकरणासाठी निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम यांसारखे धातू आणि भंजनासाठी झिओलाइट, म्हणजे रेणूंच्या मापाची सूक्ष्म छिद्रे असलेले ॲल्युमिनियम व सिलिकॉनचे स्फटिक. तेलातील नायट्रोजनयुक्त संयुगे आम्लधर्मी जागा निकामी करतात, त्यामुळे तेल आधी हायड्रोजनने शुद्ध करून घ्यावे लागते. झिओलाइटांत १९७२ मध्ये पेटंट मिळालेला मोबिल कंपनीचा ‘झेडएसएम-५’ विशेष प्रसिद्ध आहे. त्याची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटरची, झायलीनच्या पॅरा, ऑर्थो व मेटा या तीन प्रकारांपैकी सडपातळ पॅरा-झायलीन त्यांतून झटकन बाहेर पडते, ऑर्थो व मेटा रेंगाळतात. बाजारात भाव पॅरालाच, त्यामुळे या चाळणीचे महत्त्व कळते. खर्चाचा मोठा वाटा मात्र हायड्रोजनच खातो.

पॅरा-झायलीनपासून टेरेप्थॅलिक आम्ल व पुढे पॉलिएस्टर बनते. सुरतेच्या पॉलिएस्टर साड्या तापी खोऱ्यातल्या सुरत–भुसावळ लोहमार्गाने नवापूर, नंदुरबार, अमळनेरच्या बाजारात येतात, तेव्हा पॅरा-झायलीनच वेष बदलून आलेले असते. जळगावचे पाइप आणि ठिबकच्या नळ्या यात धरण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा: पीव्हीसी व पॉलिथिलीन दोन्ही एथिलीनपासून बनतात, ॲरोमॅटिकांशी त्यांचे थेट नाते नाही. ऑर्थो-झायलीनला वाट सापडते ती पीव्हीसी मऊ करण्यासाठी घालायच्या थॅलेट प्लॅस्टिसायझरांमधून. कपाशीवर फवारायच्या अनेक औषधांत झायलीन किंवा तत्सम ॲरोमॅटिक द्रावक असतो. पाण्यात टाकताच दुधाळ होणाऱ्या औषधांना येणारा उग्र वास बऱ्याचदा या द्रावकाचाच असतो.

बेंझीन कर्करोगकारक असल्याने भारतात पेट्रोलमधील त्याचे प्रमाण आकारमानाने १ टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. रसायन म्हणून मात्र त्याला मागणी मोठी. स्टायरीन व फिनॉल त्यापासूनच बनतात.