टॉवेल, नॅपकिन, टिश्यू : इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार

अंग, हात, तोंड, भांडी पुसण्याच्या कापडांना व कागदांना इंग्रजीत असलेली नावे आणि त्यांवरून रूढ झालेले वाक्प्रचार. ही तिन्ही नावे मुळात कापडाची. पुढे कापडाची बरीचशी कामे कागद करू लागला, पण नावे बदलली नाहीत. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. आधी लागणारा शब्द वस्तू ठरवतो : ‘हँड टॉवेल’ कापडी, ‘पेपर टॉवेल’ कागदी, ‘टी टॉवेल’ म्हणजे ब्रिटनमध्ये धुतलेली भांडी पुसायचे फडके. त्यालाच अमेरिकेत ‘डिश टॉवेल’ म्हणतात. ब्रिटनमधला ‘किचन रोल’ तो अमेरिकेतला ‘पेपर टॉवेल’.

मराठी माणसाची सर्वांत जास्त फसगत ‘नॅपकिन’ करतो. शाळेच्या दप्तरात डब्यासोबत जातो किंवा वॉश बेसिनशेजारी टांगलेला असतो, तो आपला नॅपकिन म्हणजे हाततोंड पुसायचा छोटा टॉवेल. इंग्रजीत मात्र नॅपकिन जेवणाच्या टेबलावरचा, मांडीवर पसरायचा, कापडी किंवा कागदी. परदेशी हॉटेलात खोलीसाठी नॅपकिन मागितला तर कागदी रुमालांची चळत हाती पडते. हात पुसायला हवा असेल तर ‘हँड टॉवेल’ म्हणावे. चेहरा धुण्याच्या छोट्या चौकोनी कापडाला ब्रिटनमध्ये ‘फ्लॅनेल’ आणि अमेरिकेत ‘वॉशक्लॉथ’ म्हणतात. अंग पुसण्याचा तो ‘बाथ टॉवेल’. ‘बाथ शीट’ त्याहून बराच मोठा, साधारण 90 × 150 सेंमी. किंवा जास्त.

लॅटिन ‘माप्पा’ म्हणजे कापड. त्याचे फ्रेंचमध्ये ‘नाप’ झाले, अर्थ टेबलावरची चादर. त्याला इंग्रजीने लघुत्वदर्शक ‘-किन’ जोडले आणि ‘नॅपकिन’ तयार झाला. ‘मॅप’ म्हणजे नकाशा आणि ‘एप्रन’ हे याच कुळातले. ‘अ नेप्रन’ असे म्हणता म्हणता ‘न’ आधीच्या शब्दाला चिकटला आणि ‘अ‍ॅन एप्रन’ झाले. ब्रिटनमध्ये बाळाच्या लंगोटालाही नॅपकिन म्हणत. ‘नॅपी’ हे त्याचेच लघुरूप, आणि डॉक्टर अजूनही ‘नॅपकिन डर्मटायटिस’ लिहितात. मासिक पाळीच्या पॅडला अमेरिकेत ‘सॅनिटरी नॅपकिन’ आणि ब्रिटनमध्ये ‘सॅनिटरी टॉवेल’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी 1954 मध्ये उच्चवर्गीय इंग्रजांच्या बोलीची लक्षणे नोंदवली, त्यांत टेबलावरच्या रुमालासाठी ‘नॅपकिन’ हा शब्द उच्चवर्गाचा आणि ‘सर्व्हिएट’ इतरांचा ठरला. हा भेद आता पुष्कळ पुसट झाला आहे.

‘टिश्यू’ फ्रेंचमधून आला, अर्थ विणलेले. जरीच्या तलम कापडाचा हा अर्थ आपल्याकडे ‘टिश्यू साडी’त शाबूत आहे. ‘क्लीनेक्स’ या ब्रँडचा कागदी टिश्यू 1924 मध्ये बाजारात आला तो चेहऱ्यावरचे कोल्ड क्रीम पुसण्यासाठी. नाक पुसायचा कागद ही त्याची ओळख नंतरची. आपण हॉटेलात ‘टिश्यू’ मागतो ते चालून जाते, पण नेमका शब्द ‘पेपर नॅपकिन’. अमेरिकेत ‘बाथरूम टिश्यू’ म्हणजे शौचालयातला कागद, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

आणखी एक घोटाळा ‘टर्किश टॉवेल’चा. मराठीत तो जाड, फासे असलेला टॉवेल. इंग्रजीत त्याला ‘टेरी टॉवेल’ म्हणतात. इंग्रजी दुकानांत आज ‘टर्किश टॉवेल’ या नावाखाली बहुधा गोंडे लावलेला पातळ, सपाट विणीचा टॉवेल मिळतो. सत्काराच्या ‘टॉवेल-टोपी’चे शब्दशः इंग्रजी केले तर त्यातला मान हरवतो, तिथे एक वाक्य जास्त लिहून तो आहेर आहे हे सांगितलेले बरे.

वाक्प्रचारांत सर्वांत प्रचलित ‘थ्रो इन द टॉवेल’, म्हणजे हार मानणे, हात टेकणे. तो मुष्टियुद्धातून आला. आपला खेळाडू फार मार खातो आहे असे दिसले की कोपऱ्यातला सहायक रिंगणात टॉवेल टाकतो आणि लढत थांबवण्याची विनंती करतो. आधी या कामाला घाम पुसायचा स्पंज वापरत, म्हणून एकोणिसाव्या शतकात ‘थ्रो अप द स्पंज’ रूढ होते. हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांत पंचांची मोजणी चालू असताना टॉवेल टाकता येत नसे. वाक्प्रचार वापरताना ‘द’ सोडू नये आणि हार मानणारे कितीही असले तरी टॉवेल एकवचनीच ठेवावा. ‘अ टॉवेल’ म्हटले की खराखुरा टॉवेल फेकला असा अर्थ होतो. दमून थोडे थांबण्याला हा वाक्प्रचार लागत नाही, प्रयत्न सोडून देण्यालाच लागतो.

‘हाइड वन्स टॅलेंट इन अ नॅपकिन’, म्हणजे अंगचे गुण वाया घालवणे, हा बायबलातल्या दोन दृष्टांतांची सरमिसळ होऊन बनला. लूकच्या शुभवर्तमानातला चाकर मालकाचे पैसे रुमालात गुंडाळून ठेवतो; मत्तयच्या शुभवर्तमानातला चाकर ‘टॅलेंट’ (चांदीच्या वजनावरून ठरणारी मोठी रक्कम) जमिनीत पुरतो. आज हा जुन्या लेखनातच जास्त भेटतो. जुन्या बोलीत ‘ओकन टॉवेल’ म्हणजे ओकचा सोटा, आणि त्याने अंग पुसणे म्हणजे चोप देणे. ‘अ टिश्यू ऑफ लाइज’, म्हणजे थापांचे जाळे, मात्र वर्तमानपत्रांत आणि संसदीय भाषणांत अजून ताजा आहे. तो एका थापेला लागत नाही. एकीत एक गुंफलेल्या अनेक थापा असल्या तरच शोभतो.