लमेटा शैलसमूहातील पृष्ठवंशी जीवाश्म

जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून या खडकांना नाव मिळाले. दख्खन ट्रॅपच्या काळ्या पाषाणाखाली दबलेले हे थर क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे, सुमारे 6.6 ते 7 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. जबलपूर, गुजरातमधील बालासिनोर आणि विदर्भातील नांद–डोंगरगाव ही त्यांची महत्त्वाची क्षेत्रे.

येथील हाडे बहुधा सुटी आणि एकमेकांत मिसळलेली सापडतात. नावांचा घोळ त्यातूनच झाला. ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना 1828 मध्ये जबलपूरला हाडे मिळाली. शेपटीच्या मणक्यांवरून जीवाश्मतज्ज्ञ लायडेकर यांनी 1877 मध्ये त्या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. मणका पुढून खोलगट आणि मागून गोळ्यासारखा फुगीर, ही त्याची खूण मानली गेली. पुढे तीच ठेवण त्या गटातील (टायटॅनोसॉर) इतर अनेक प्राण्यांतही दिसली, त्यामुळे हे नाव आज वैध धरत नाहीत. ‘लमेटासॉरस’चेही तसेच झाले: मांसाहारी डायनोसॉरची हाडे आणि कवचाचे तुकडे एकाच प्राण्याचे समजले गेले होते.

म्हणूनच चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा सांगाडा मोलाचा ठरतो. तेथे मान, पाठ व शेपटीचे मणके, खांदा आणि पुढच्या पायाची हाडे एकाच प्राण्याची मिळाली. कवटी मात्र नाही. जैन व बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन केले. 2003 पासून या टायटॅनोसॉरला ‘इसिसॉरस कोल्बर्टी’ म्हणतात. ‘इसि’ हे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आले.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला हाडांइतकेच महत्त्व विष्ठाश्मांना, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेला, आहे. ते फोडून आम्लात विरघळवले की वनस्पतींच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण उरतात. 2005 मध्ये त्यांत गवताचे कण ओळखले गेले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होते हे सिद्ध झाले. कासवे आणि ‘मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस’ हा सापही इथलाच.

डायनोसॉरची अंडी बहुतेक चुनखडकात मिळतात, आणि फसगतही तिथेच होते. चुनखडकातले गोल कंकर (चुन्याचे गोळे) हुबेहूब अंड्यासारखे दिसतात. नुसत्या आकारावर विसंबू नये. भिंगाखाली काही मिलिमीटर जाडीचे कवच, बाहेरून बारीक गाठी आणि आरपार जाणारी छिद्रे दिसायला हवीत. पातळ काप काढल्यावर पंख्यासारखे स्फटिक दिसले की खात्री होते. ढोली डुंगरी (गुजरात) येथे फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटर लांबीचा ‘सनाजे इंडिकस’ हा साप आणि शेजारी सुमारे अर्धा मीटर लांबीचे टायटॅनोसॉरचे पिलू सापडले. 2010 मध्ये या सापाचे वर्णन प्रसिद्ध झाले.

चिकणमातीतले हाड उपटून काढू नये. पावसात माती फुगते, उन्हात आकसते; हाड आधीच तडकलेले असते आणि ओढताक्षणी भुगा होतो. प्रथम जागेवरच मोजमाप, छायाचित्र व थराची नोंद घ्यावी. तड्यांत ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पातळ राळेचे द्रावण सोडून वाळू द्यावे. भोवती चर खणून हाड मातीच्या ओट्यावर राखावे. ओला टिश्यू कागद लावून त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. कागद विसरला तर प्लास्टर हाडालाच चिकटते. वेष्टण कडक झाल्यावर त्यावर उत्तर दिशेची खूण करावी, मगच खालची माती कापून ओटा उलटावा.