नमुना स्वतः घ्यायचा, पण कोणी? ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी स्त्रियांच्या कर्करोग तपासणीची पार्श्वभूमी

1 डिसेंबर 2017 रोजी ऑस्ट्रेलियाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशी खरवडून पाहण्याची, तपासणी बंद केली आणि तिच्या जागी हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आणली. दर दोन वर्षांची फेरी पाच वर्षांवर गेली, वयोगट 25 ते 74 ठरला. देशभर चर्चा झाली ती या पाच वर्षांचीच. मूळनिवासी वस्त्यांमधल्या आरोग्य केंद्रांचे लक्ष मात्र दुसऱ्याच तरतुदीकडे होते: स्त्रीने स्वतःचा नमुना स्वतः घेण्याची मुभा.

तिचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागते. 1991 मध्ये संघटित तपासणी सुरू झाली आणि देशातले या कर्करोगाचे प्रमाण पुढे निम्म्यावर आले. मूळनिवासी स्त्रियांमध्ये ते आजही इतरांच्या सुमारे दुप्पट आहे आणि मृत्युदर तिपटीहून जास्त. यातल्या किती जणी तपासणीला येत होत्या, याचा देशपातळीवरचा आकडा कित्येक वर्षे मिळतच नव्हता, कारण तपासणीच्या नोंदवह्या प्रयोगशाळेच्या अर्जांवरून भरल्या जात आणि मूळनिवासी असल्याची नोंद करायला त्या अर्जांत बहुतेक ठिकाणी रकानाच नसे. ज्यांची मोजदाद नाही, त्यांच्यासाठी वेगळा निधी मागायचा तरी कशाच्या आधारावर?

केंद्रात येऊनही तपासणी टाळण्याची कारणे उघड होती. दूरच्या वस्तीत फिरतीवर येणारा डॉक्टर बहुधा पुरुष, तोही दर खेपेला नवा. स्त्रियांचे विषय पुरुषांसमोर काढायचे नाहीत, हा तिथला रिवाज. शिवाय मूळनिवासी कुटुंबांतली मुले हिरावून नेणाऱ्या सरकारी यंत्रणेचा अनुभव घरोघरी ताजा. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात समाजाने स्वतः चालवलेले पहिले आरोग्य केंद्र उभे राहिले, आज अशी 140 हून अधिक केंद्रे आहेत. तिथल्या परिचारिकांवर विश्वास होता, पण तपासणीच्या टेबलावर झोपून स्पेक्युलम (योनी उघडी धरणारे उपकरण) लावून घ्यायला त्यानेही सगळ्या जणी तयार होत नसत.

एचपीव्ही चाचणीने ही अडचण दूर होऊ शकत होती. (ही चाचणी मृत्यू टाळते याचा एक भक्कम पुरावा आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून आला. तिथल्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. नमुने अर्थात आरोग्यसेविकांनी घेतले होते.) विषाणू शोधायला गर्भाशयमुखाच्याच पेशी लागत नाहीत, योनीतला नमुना पुरतो. आडोशाला जाऊन कोरडी स्वॅब (मऊ टोकाची काडी) काही सेंटीमीटर आत सरकवायची, 20 ते 30 सेकंद हलकेच फिरवायची, नळीत घालून झाकण लावायचे. काम झाले.

पण 2017 च्या नियमाने ही सोय कोणाला दिली? वय 30 पूर्ण असलेल्या आणि एक तर कधीच तपासणी न केलेल्या, नाहीतर तपासणी दोन वर्षे किंवा त्याहून जास्त लांबलेल्या स्त्रीला. यामागे कारण होते: तेव्हा हाताशी असलेल्या पुराव्यात स्वतः घेतलेला नमुना थोडा कमी पडत होता. ती उणीव मुख्यतः जुन्या पद्धतीच्या चाचण्यांची होती. पीसीआरवर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधणाऱ्या चाचणीवर, स्वतः घेतलेला आणि परिचारिकेने घेतलेला असे दोन्ही नमुने सारखेच उतरतात, हे लवकरच स्पष्ट झाले. दुसरा अडथळा कागदोपत्री होता. उत्पादकांनी आपली चाचणी अशा नमुन्यासाठी नोंदवलेली नव्हती, त्यामुळे प्रयोगशाळेला पडताळणी स्वतः करून मान्यता घ्यावी लागे. सुरुवातीला देशभरात अशी एकच प्रयोगशाळा होती.

केंद्रात याचा अर्थ असा की आधी नोंदवही उघडून मागची तारीख शोधायची, मग स्वॅब द्यायची. दोघी बहिणी बरोबर आल्या, तर तपासणी चुकवलेलीला सोपी पद्धत आणि वेळेवर आलेलीला स्पेक्युलम. 28 वर्षांची, कधीच न तपासलेली मुलगी तर अपात्रच. वेळ पाळणारीलाच शिक्षा करणारा नियम साडेचार वर्षे चालला, आणि पीसीआरचा पुरावा हाती आल्यावर तो इतका लांबवायचे कारण पटण्याजोगे नाही. 1 जुलै 2022 पासून 25 ते 74 वयाच्या प्रत्येक पात्र व्यक्तीला निवड खुली झाली. 2024 पर्यंत एकूण तपासण्यांत स्वतः घेतलेल्या नमुन्यांचा वाटा चौथ्या हिश्श्याहून जास्त झाला होता.

तरी गाडे अडते ते पुढच्या पायरीवर. विषाणूचे सर्वांत धोकादायक प्रकार, एचपीव्ही 16 किंवा 18, निघाले तर सरळ कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी. दुसरा प्रकार निघाला तर पेशी तपासाव्या लागतात आणि त्या या स्वॅबमधून मिळत नाहीत. म्हणजे पुन्हा बोलावणे, पुन्हा स्पेक्युलम. हे आधीच सांगितले नाही तर बाई परत येत नाही. अनियमित रक्तस्राव होत असेल तर नुसत्या स्वॅबवर भागत नाही, प्रत्यक्ष तपासणी हवीच. फेब्रुवारी 2021 मध्ये मधल्या जोखमीच्या, म्हणजे दुसरा प्रकार निघाला पण पेशींत मोठा बिघाड नाही अशा, स्त्रियांची कॉल्पोस्कोपी आणखी 12 महिने पुढे ढकलायला परवानगी मिळाली. त्यातून मूळनिवासी स्त्रियांना मुद्दाम वगळले: 12 महिन्यांनंतरच्या फेरचाचणीतही विषाणू असेल तर त्यांना लगेच कॉल्पोस्कोपीला पाठवायचे. हा अपवाद बऱ्याच नव्या डॉक्टरांच्या लक्षात राहत नाही.

बाकी तपासण्यांत हाच धडा तुकड्या-तुकड्याने आला. आतड्याच्या कर्करोगाचे किट 2006 पासून टपालाने जाई. घरपत्ता नसलेल्या, एकाच टपालपिशवीवर चालणाऱ्या वस्तीत ते कुठे पोचणार? शिवाय उष्णतेने नमुना बिघडतो, म्हणून तापलेल्या भागांत उन्हाळ्यात किट पाठवतच नसत. 2022 पासून केंद्रेच साठा मागवून हातात देऊ शकतात. फुप्फुसाची तपासणी 1 जुलै 2025 ला सुरू झाली: वय 50 ते 70, रोज एक पाकीट या हिशेबाने 30 वर्षे धूम्रपान, सोडले असेल तर गेल्या दहा वर्षांत. मिशन आणि गुरांच्या वाड्यांवर एके काळी शिध्यात तंबाखू मिळे, हे लक्षात घेता ती सर्वांत आधी यायला हवी होती.

संशय आल्यावरचा प्रवास मात्र अजूनही अवघडच आहे. उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांताच्या राजधानीत, डार्विनमध्ये, 2010 ला रेडिओथेरपी (किरणोपचार) सुरू होईपर्यंत तिथले रुग्ण दक्षिणेला अ‍ॅडलेडला जात. प्रांताच्या दक्षिणेतल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून ते रस्त्याने सुमारे 1,500 किलोमीटर. प्रवासभत्ता आहे, पण सोबत जाणाऱ्याचा खर्च आपोआप मिळत नाही. सोबती का हवा, दुभाषा लागतो का, हे डॉक्टरने अर्जात लिहावे लागते. ते लिहायचे राहिले की बाई तिकीट हातात असूनही विमानात बसत नाही, आणि कागदावर ‘रुग्ण गैरहजर’ एवढीच नोंद होते.