भोकातून धरलेला नेम

जाड कागदाला टाचणीने भोक पाडा. छापील मजकूर डोळ्यापासून दहा सेंटिमीटरवर आणा, अक्षरं विरघळतील. आता भोक डोळ्याला लावून बघा. अक्षरं अंधारतात, पण वाचता येतात. पीप साइट, म्हणजे बंदुकीवर नेम धरायची भोकाची पट्टी, तिच्यामागचं विज्ञान ते एवढंच.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या रायफलवर सहसा मागे खाच आणि पुढे माशी, म्हणजे नेमाचा छोटा उंचवटा, असते. खाच, माशी आणि निशाण तीन वेगळ्या अंतरांवर. डोळा एका वेळी एकावरच स्थिरावतो. चाळिशी उलटली की खाचेचा नुसता धुरकट डाग उरतो. त्या खाचेच्या जागी डोळ्याजवळ बारीक भोकाची पट्टी आली, की तिच्याकडे बघायचंच नसतं, तिच्यातून बघायचं असतं. डोळ्याची बाहुली ४ मिमी उघडी आणि भोक १.२ मिमीचं असेल, तर धूसरपणा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. मात्र प्रकाशही अकराव्या हिश्श्यावर येतो, म्हणून तिन्हीसांजेला मोठं भोक बरं. आणि फारच बारीक केलं तर प्रकाश कडेला वळून पसरतो, चित्र पुन्हा बिघडतं.

याला नवं खूळ म्हणू नका. १८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या मैदानात आयरिश संघ ठासणीच्या रिग्बी रायफली आणि भोकाच्या साइट घेऊन उतरला होता. अंतरं ८०० ते १००० यार्ड. अमेरिकी संघ ९३४ विरुद्ध ९३१ असा जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मधोमध बसली होती, फक्त शेजारच्या निशाणावर! गुण शून्य. निशाण कुणाचं, हे भोक कसं सांगणार?

घरच्या कामाला पोलादाची काटकोनात वाकवलेली पट्टी पुरते. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री: गज नळीत सोडून तोंडाशी खूण करा, मग बाहेरून नळीला लावून बघा. गज बुडापर्यंत पोचला नसेल, तर आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, आहे. कामाला हात लावू नका. नळीच्या मागची जीभ, म्हणजे मागे निघालेली लोखंडी पट्टी, लाकडी दस्त्याला ज्या स्क्रूने धरलेली असते, त्याच जागी थोडा लांब स्क्रू घालून पट्टी बसवावी. जुन्या बंदुकीला नवं छिद्र पाडणं मला तरी पटत नाही. भोकाची कड पातळ हवी आणि मेणबत्तीच्या काजळीने काळी, नाहीतर ऊन चमकतं. धक्क्याने भुवई फुटणार नाही इतकी पट्टी डोळ्यापासून लांब असावी.

उंचीचा हिशेब सोपा आहे. भोक आणि माशीत ९० सेंमी अंतर, निशाण ५० मीटरवर आणि गोळ्या १० सेंमी वर लागत असतील, तर भोक १.८ मिमी खाली हवं. कानशीने काढलेलं पोलाद परत येत नाही, म्हणून पट्टी मुद्दाम उंच ठेवतात आणि तिचा तळ घासत जातात. कानशीचे चार हात, तीन गोळ्या, पुन्हा कानशीचे चार हात.